काळी, पांढरी आणि सरकारी यादीतलं गाव

मी तात्यांचा एक ऑनलाइन अर्ज भरत होते. राज्य निवडलं, जिल्हा निवडला, तालुका निवडला आणि गावांची यादी उघडली. तात्या चष्मा पुसून शेजारी बसले होते. यादी वरून खाली सरकवली, पुन्हा खालून वर आणली. आमच्या वाडीचं नाव कुठेच नव्हतं.

"साठ-सत्तर उंबरा हाय आपला," तात्या म्हणाले. "शाळा हाय, देऊळ हाय, यष्टी थांबती. आन् यादीत वाडी न्हाई?"

शेवटी अडीच किलोमीटरवरच्या मोठ्या गावाचं नाव निवडलं आणि पत्त्याच्या रकान्यात वाडीचं नाव लिहिलं. अर्ज गेला. पण तात्यांचा प्रश्न राहिला, आणि तो अगदी रास्त आहे. साठ-सत्तर घरं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तरी कागदावर ते गाव का नसतं? आणि नसलं तर बिघडतं काय?

हे समजायला आपल्याकडचे दोन जुने शब्द फार उपयोगी पडतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, शिवार. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा, गावठाण. आपण 'गाव' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर पांढरी येते: घरं, पार, चावडी, देऊळ. सरकारच्या दप्तरातलं गाव मात्र काळीवर उभं आहे. जमिनीचा एक सलग तुकडा, त्याची ठरलेली शीव म्हणजे हद्द, त्याचा नकाशा आणि त्यातल्या प्रत्येक शेताला नंबर. याला महसुली गाव म्हणतात. जुन्या कागदांत त्याच्या नावाआधी 'मौजे' किंवा 'मौजा' लिहिलेलं दिसतं.

प्रत्येक महसुली गावाचे गट नंबर एकपासून सुरू होतात. म्हणून नुसता 'गट नंबर ४७' सांगून सातबारा निघत नाही, आधी गाव सांगावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४ प्रमाणे विभाग, जिल्हा, तालुक्यापासून गावापर्यंतची महसुली क्षेत्रं ठरवण्याचा, जोडण्याचा आणि तोडण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. काही गावं मिळून तलाठ्याचा सजा होतो, काही सजे मिळून मंडळ, आणि मंडळं मिळून तालुका. (तलाठ्याला २०२४ पासून कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी'. गावात अजून जुनीच नावं चालतात, मीही तीच वापरते.)

आता काळी आणि पांढरी एकमेकींपासून सुटल्या की काय होतं ते बघा.

काळी आहे, पण पांढरी उठून गेली, अशी गावं महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. कधी काळी साथ आली, दुष्काळ पडला, नदीनं पात्र बदललं, आणि माणसं गेली. शेतं शेजारच्या गावातले लोक कसतात, पण गावाचं नाव, शीव आणि नकाशा तसाच आहे. विदर्भात अशा गावाच्या नावापुढे 'रिठी' लागतं. इतरत्र 'उजाड' किंवा 'बेचिराख' म्हणतात. बेचिराख या शब्दात आपल्याला आज राख ऐकू येते, पण तो मूळचा फारसी 'बे-चिराग': जिथे दिवा लागत नाही असं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ४३,६६० गावं नोंदली गेली आणि त्यातली जवळपास २,७०० अशी बिनदिव्याची होती. त्यांनाही जनगणनेत स्वतःचा सहा आकडी क्रमांक आहे, स्वतंत्र ओळ आहे. ओळीत क्षेत्रफळ आहे आणि पुढे सगळी शून्यं.

आमच्या वाडीची गत नेमकी उलटी. पांढरी आहे, दिवे लागतात, पण काळी दुसऱ्याच्या नावावर. वाडी, वस्ती, पाडा, तांडा, टोला, गुडा, ज्या भागात जे म्हणत असतील ते, या सगळ्यांचं साधारण हेच आहे. शेतावर राहायला गेलेली चार घरं वाढत गेली, किंवा मुळातच वस्ती वेगळी होती, पण जमीन मोजणी झाली तेव्हा तिचं शिवार मोठ्या गावाच्या नकाशात धरलं गेलं. जनगणना ग्रामीण भागात महसुली गाव हाच घटक धरते. म्हणजे डोकी पांढरीवरची मोजायची आणि बेरीज काळीच्या नावावर लिहायची. त्यामुळे जिथे कोणीच राहत नाही त्या रिठीला ओळ मिळते आणि साडेतीनशे माणसांच्या वाडीला मिळत नाही. मला यात कोणाचं कारस्थान दिसत नाही. पद्धतच तशी जमिनीच्या महसुलातून वाढत आली आहे. पण वाडीतल्या माणसाला याचा जो त्रास होतो तो खरा आहे, आणि तो कमी करता येण्यासारखा आहे.

पुढचा गुंता ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायतीचं गाव हे पुन्हा वेगळंच गाव आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ मध्ये 'गाव' म्हणजे राज्यपालांनी अधिसूचनेनं जाहीर केलेलं गाव, आणि अनेक गावांचा मिळून गटही त्यात 'गाव' ठरू शकतो. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत. आधीचा आकडा आठवा: गावं साडेत्रेचाळीस हजारांवर. म्हणजे कित्येक गावांना स्वतःची पंचायत नाही. दोन-तीन महसुली गावं आणि त्यांच्या वाड्या एकत्र करून जी पंचायत होते तिला आपण गट ग्रामपंचायत म्हणतो. त्यामुळे एखाद्या छोट्या गावाची लोकसंख्या किती, असं विचारलं की तीन माणसं तीन आकडे सांगतात आणि तिघंही खरं बोलत असतात. एकानं वाडीची सांगितलेली असते, एकानं महसुली गावाची, आणि पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली असते ती पूर्ण गटाची.

कागदही याच दोन गावांत विभागलेले आहेत, आणि लोकांचे हेलपाटे इथेच होतात. जमिनीचे कागद तलाठ्याकडे: सात-बारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनीचा उतारा. घराचा कागद ग्रामसेवकाकडे: नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. 'आठ-अ आणा' असं सांगितलेलं असतं आणि माणूस नमुना आठ घेऊन तालुक्याला जातो. दोन्हीत आठ आहे, पण एक काळीचा आहे आणि एक पांढरीचा. एवढं लक्षात ठेवलं तरी एक फेरी वाचते.

लोकसंख्येचा आकडा पंचायतीत पहिल्यांदा कामाला येतो तो सदस्य ठरवताना. लोकसंख्या १,५०० पर्यंत असेल तर ७ सदस्य, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, आणि असं करत ७,५०० च्या वर १७. एका प्रभागातून साधारण दोन किंवा तीन सदस्य निवडून जातात. समजा गट पंचायतीची लोकसंख्या १,४०० आहे. सात सदस्य, म्हणजे दर दोनशे माणसांमागे एक. आता १८० लोकांची वाडी एकटीच्या बळावर प्रभाग होऊच शकत नाही, ती मोठ्या गावाच्या एखाद्या आळीला जोडली जाते. मग त्या प्रभागातून वाडीचा माणूस निवडून येणं हे मोठ्या आळीच्या मर्जीवर राहतं. ग्रामसभा भरते तीही मोठ्या गावात. रस्त्यानं अडीच किलोमीटर चालत जाऊन, दिवसाची मजुरी बुडवून, किती बायका तिथे पोचतील हे सांगायला नको.

आणि हा आकडा कधीचा? शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा, म्हणजे २०११ चा. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. पुढची आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून व्हायची आहे. २०११ मध्ये जन्मलेलं पोर दहावीत पोचलं तरी त्याच्या गावाच्या जागा, आरक्षण आणि निधी त्या जुन्याच आकड्यावर. निधीचं सांगायचं तर, पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जे अनुदान दिलं, त्याची राज्याराज्यांतली वाटणी ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रफळावर होती. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला होता. खाली गावापर्यंत येतानाही डोक्यांची संख्या हाच मुख्य आधार.

इथे एक गोष्ट सावकाश सांगायला हवी, कारण ती आमच्या भागाच्या जिव्हाळ्याची आहे. जनगणनेची गणती फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. त्या वेळी ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातली कितीतरी गावं तेव्हा अर्धी रिकामी असतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर निघतात ती उन्हाळ्यातच परततात. नियम असा की जो माणूस गणतीच्या पूर्ण काळात घरी नाही आणि तोवर परतणारही नाही, त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा. म्हणजे कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत, झोपडीत. कागदावर हे बरोबर आहे, कारण एक माणूस दोनदा मोजला जाता कामा नये. पण त्या गावाचा आकडा फेब्रुवारीतला असतो आणि त्या आकड्यावर पाणी, धान्य, शाळेची खोली ठरते ती बाराही महिन्यांसाठी. जूनमध्ये सगळे परत आलेले असतात आणि टँकर फेब्रुवारीच्या हिशेबानं येतो. फेब्रुवारीत घरी राहतात ते म्हातारे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. अशा गावाच्या वयोगटांचा आणि कामगारांचा तक्ता हे मनात धरूनच वाचावा.

कोकणात हेच दुसऱ्या रूपात दिसतं. चाकरमानी मुंबईत मोजला जातो, घर गावी बंद असतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे बायकांची संख्या ११२० च्या वर आहे, आणि त्याचं कारण पुरुष पोटासाठी बाहेर गेले हे आहे.

आता एका छोट्या गावाची जनगणनेतली ओळ कशी वाचायची ते पाहू. ही ओळ जिल्हा जनगणना पुस्तिकेत सापडते. पुस्तिकेच्या एका भागात गावातल्या सोयी असतात: शाळा, दवाखाना, नळ, रस्ता. दुसऱ्या भागात माणसांचे आकडे. समजण्यासाठी मी एक काल्पनिक ओळ घेते. कुटुंबं ८९, लोकसंख्या ४१२, त्यातली शून्य ते सहा वयाची मुलं ५८, साक्षर २४८.

साक्षरता किती? बहुतेक जण २४८ ला ४१२ नं भागतात आणि ६० टक्के सांगतात. ते चूक आहे. सात वर्षांच्या आतलं मूल जनगणना साक्षर धरतच नाही, म्हणून ते हिशेबातूनही वगळायचं. ४१२ मधून ५८ गेले, ३५४ उरले. २४८ भागिले ३५४, म्हणजे ७० टक्के. एका वजाबाकीनं गाव दहा टक्के शहाणं झालं.

मग मुलामुलींचं प्रमाण. समजा ५८ मुलांत ३१ मुलगे आणि २७ मुली आहेत. हजारामागे ८७१ मुली. २०११ मध्ये महाराष्ट्राचं हे प्रमाण ८९४ होतं, त्यामुळे ८७१ वाचून कोणीही म्हणेल, या गावात काहीतरी काळंबेरं आहे. पण दोन बाळंतपणं वेगळी झाली असती तर २९ आणि २९ झाले असते, म्हणजे सरळ हजार. इतक्या लहान आकड्यात टक्केवारी आणि प्रमाण काढून गावाला दोष देणं किंवा पाठ थोपटणं, दोन्ही अन्याय आहे. लहान गावात टक्के बाजूला ठेवून सरळ माणसं मोजावीत. २७ मुली आहेत, त्यातल्या किती अंगणवाडीत येतात, असं विचारावं.

आणखी एक. त्या ओळीत 'मुख्य काम करणारे' आणि 'सीमांतिक काम करणारे' असे दोन गट दिसतील. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालं तो मुख्य, त्याहून कमी मिळालं तो सीमांतिक. कोरडवाहू गावात बायकांचा आकडा दुसऱ्या रकान्यात फुगलेला दिसला तर त्या कमी राबतात असं समजू नये, त्यांना मजुरी कमी दिवस मिळते एवढाच त्याचा अर्थ. आणि मागच्या जनगणनेपेक्षा गाव एकदम आक्रसलेलं दिसलं तर लोक गेले असं लगेच ठरवू नका. मधल्या काळात एखादी वाडी तोडून वेगळं महसुली गाव झालं असेल, तर मूळ गावाची ओळ तेवढीच कमी होते. ओळीतलं क्षेत्रफळही घटलं असेल तर हेच कारण धरा.

आकड्याचे उंबरठे तर पावलोपावली आहेत. साध्या भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, १५० ते ४०० ला मिनी अंगणवाडी. साधारण हजार लोकांमागे एक आशा सेविका. सपाट भागात ५,००० ला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० ला एक आरोग्य उपकेंद्र. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट भागात ५००, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०. या रस्त्याच्या योजनेत एक चांगली गोष्ट आहे: तिथे मोजणी महसुली गावाची नाही, वस्तीची होते, आणि पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांची बेरीज एकत्र धरता येते. ४८० लोकांच्या वाडीला रस्ता नाकारला गेला असेल आणि ओढ्यापलीकडे चार घरं असतील, तर ती धरली होती का हे विचारण्याचा हक्क वाडीला आहे.

काळीवरून गाव ओळखायची ही रीत कायद्यानं एका ठिकाणी मोडली आहे. १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात, महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत, हा कायदा सांगतो की जो समाज आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवतो त्याची वस्ती, वस्त्यांचा गट, पाडा किंवा पाड्यांचा गट म्हणजे गाव. यात शीव आणि सातबारा आधी येत नाही, माणसं आधी येतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्यातले मतदार ठराव करून आपला पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर करावा अशी मागणी प्रांताधिकाऱ्याकडे करू शकतात. मग त्याची स्वतःची ग्रामसभा होते.

ग्रामसभा स्वतःची असल्यानं काय होतं ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं दाखवलं. काही शे लोकांचं गोंड गाव, मूळचं लेखा गट ग्रामपंचायतीतलं, म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. पंचायत दुसऱ्या गावाच्या नावानं असली तरी निर्णय मेंढ्याची सगळी माणसं एकत्र बसून एकमतानं घेत आली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी एक. लोकसंख्या बघितली तर असं गाव मोठ्या उंबरठ्यांच्या खालीच राहतं.

उलट बाजूला चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली चौदा गावं. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही त्यांच्यावर हक्क सांगत आले. लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळाही. लांबून वाटतं, चंगळ आहे. पण ज्या माणसाच्या जमिनीचा कागद पक्का नाही, त्याला दोन ओळखपत्रांनी पीककर्ज मिळत नाही.

वाडीला स्वतंत्र महसुली गाव करायचं असेल तर ते पेसाबाहेरही होतं, कलम ४ खाली. पण वेळ लागतो, कारण मूळ गावाची काळी वाटावी लागते. कोणते गट नंबर वाडीकडे जाणार, गायरान कोणाचं, पाझर तलाव कोणाच्या शिवेत, स्मशानभूमीची वाट कुठून. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदाराचा अहवाल, मोजणी, नकाशा, हरकती, आणि शेवटी राजपत्र. त्यानंतर सगळे सातबारे नव्या गावाच्या नावानं. शिवाय जनगणनेआधी हद्दी गोठवतात. २०२७ साठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरवली होती. त्या दिवशी जी वाडी मूळ गावात होती ती या गणतीतही मूळ गावाच्याच ओळीत मिसळणार.

तोवर वाडीचा स्वतःचा आकडा कुठून आणायचा? आशा आणि अंगणवाडी ताईंची सर्वेक्षणाची वही घरनिहाय असते, तिथे वाडी वेगळी काढता येते. आणि मतदार यादी. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्या भागातल्या वस्त्यांची नावं छापलेली असतात आणि पुढे नावं त्याच क्रमानं येतात. त्यात अठरा वर्षांखालची पोरं नाहीत, पण सरकारनं छापलेला कागद आहे.

त्या संध्याकाळी तात्यांना मी ते पान उघडून दाखवलं. विभाग क्रमांक तीन, आणि पुढे आमच्या वाडीचं नाव. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, मग वही मागवली आणि घरागणिक मतदार उतरून घ्यायला बसले. समोरच्या रकान्यात मुलांची संख्या तोंडपाठ. तिसऱ्या रकान्यात त्यांनी गट नंबर लिहायला सुरुवात केली तेव्हा मी विचारलं, हे कशाला. "ठरावाला लागंल," म्हणाले.